नगाऱ्याचा खटला

निघोज्याच्या धर्माजी येळवंड्यांच्या पोटात गोष्ट राहत नसे. चाकणच्या बाजारात कांद्याला काय भाव फुटला, देहूरोडच्या लष्करी डेपोत कुणाची भरती झाली, मोशीत कुणाचं जमलेलं लग्न कशावरून फिसकटलं, हे सगळं धर्माजी घरी पोचायच्या आधी गावाच्या पारावर पोचलेलं असे. गावाची त्याला काही हरकत नव्हती. उलट एखाद्या संध्याकाळी धर्माजी पारावर दिसले नाहीत की माणसं विचारत, "आज पेपर आला न्हाई का?"

अशा माणसाला चोपन्न सालच्या दिवाळीनंतर कोर्टाचं समन्स आलं.

सायकलवरून आलेल्या बेलिफानं पारापाशी उतरून एवढंच विचारलं होतं, "धर्माजी गेनू येळवंडे कोण?" धर्माजी तेव्हा मळ्यात कांद्याला पाणी देत होते. बातमी त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत तिला हातपाय फुटले होते. ते घराशी आले तेव्हा अंगणात ही गर्दी, आणि उंबऱ्यात बसून आई कुशाबाई डोळ्याला पदर लावून म्हणत होत्या, "कुणाचा बांध कोरलास रं धर्मा? शेजाऱ्याचा का देवस्थानाचा?"

"आये, मी कशाला कुणाचा बांध कोरू?"

त्यांचा जिवलग मित्र कोंडीराम पुढं झाला. त्यानं आवाज बारीक केला. "धर्मा, माझ्याजवळ तरी खरं सांग. काय केलंस?"

धर्माजींची बायको तानाबाई उठली. ती आत गेली आणि पिशवीत एक वाकळ, दोन धोतरं आणि लसणाच्या चटणीची पुडी भरून बाहेर आली. धर्माजींनी पिशवीत डोकावून बघितलं. आपण नक्की काय केलं असेल ते त्यांना आठवेना, पण काहीतरी केलं असावं असं आता त्यांनाही वाटू लागलं.

शेवटी शाळेतले गुरुजी आले. त्यांनी चष्मा पुसला, समन्स दोनदा वाचलं आणि हसायलाच लागले.

"अहो, तुम्हाला पकडायला नाही बोलावलं. पकडलंय दुसऱ्यांना. त्यांचा न्याय करायला बोलावलंय. ज्यूरीत घेणार आहेत तुम्हाला."

"ज्यूरी म्हंजे?"

"म्हणजे जज्जसाहेबांच्या शेजारी बाकावर बसायचं, सगळं ऐकायचं आणि शेवटी सांगायचं, हा माणूस गुन्हेगार आहे की नाही. सातवीची फायनल पास, स्वतःची जमीन, पंचायतीचे सभासद. अशा माणसांची नावं कोर्टाकडं असतात."

अंगणातल्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं. मग कोंडीराम म्हणाला, "ह्यो? न्याय करनार?"

"का रं? मला काय झालं?" धर्माजींची मान ताठ झाली होती.

तिथून पुढचे दिवस गावानं त्यांना नवरदेवासारखं सजवलं. कोर्टात कोट हवा असं कुणीतरी म्हणालं, म्हणून देहूरोडच्या डेपोत कामाला जाणाऱ्या दत्तोबानं आपला कोट आणून दिला. तो लष्करी हिरव्या रंगाचा होता आणि दत्तोबा होता किडकिडीत. धर्माजींच्या पोटावर कोटाची दोन्ही टोकं एकमेकांना भेटेनात. "बटणं लावू नगा, मोकळाच सोडा," तानाबाई म्हणाली. "साहेबाची माणसं तशीच घालत्यात." कुशाबाईंनी कपाळाला अंगारा लावला. बेलीफ नावानं विचारत आला म्हणजे पोरगा कशात तरी अडकलेलाच आहे, गुरुजी उगीच धीर देतात, अशी त्यांची पक्की समजूत होती.

पुण्याच्या कोर्टात त्या सकाळी धर्माजींसारखे पुष्कळजण बोलावलेले होते. बहुतेकांनी काळ्या टोप्या घातल्या होत्या आणि जो तो आपलं नाव निघू नये म्हणून देवाचा धावा करत होता. कुणाच्या दुकानाचा खोळंबा होत होता, कुणाच्या घरी पाहुणे यायचे होते. धर्माजींनी मात्र मनातल्या मनात भैरोबाला सांगितलं, देवा, नाव निघू दे. नुसता जाऊन परत आलो तर पारावर सांगू काय?

कारकुनानं डब्यातून चिठ्ठ्या काढल्या. पाच जणांची ज्यूरी झाली आणि चौथं नाव धर्माजींचं निघालं. आपलं नाव एवढ्या मोठ्यानं, एवढ्या उंच छताखाली त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. बाकावर त्यांच्या एका बाजूला सोपानराव बसले. नारायण पेठेत त्यांचा छापखाना होता. मोजकं बोलणारे, जाड भिंगांचे गृहस्थ. त्यांनाच सगळ्यांनी फोरमन, म्हणजे ज्यूरीचे प्रमुख, म्हणून निवडलं. दुसऱ्या बाजूला भवानी पेठेतले लाकडाचे व्यापारी मारुतराव. ते बसले तेव्हा बाक कुरकुरला. उरलेल्या दोघांत एक निवृत्त पोस्टमास्तर होते आणि एक शाळामास्तर.

शपथ झाल्यावर जज्जसाहेब म्हणाले, "आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. निकाल लागेपर्यंत या खटल्याबद्दल कुणाशीही एक अक्षर बोलायचं नाही. मित्रांशी नाही, घरच्यांशीसुद्धा नाही."

धर्माजींना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी सोपानरावांना हळूच विचारलं, "घरच्यांशी बी न्हाई?"

"नाही," सोपानराव म्हणाले.

मग आरोपी आले. सात तरणी पोरं, येरवड्याच्या जेलमधून आणलेली. त्यांचा म्होरक्या भैरू नावाचा होता, रुंद खांद्यांचा, मिसरूड नुकतंच दाट झालेला. त्यांच्यावर आरोप होता दरोड्याचा. पाच किंवा त्याहून जास्त माणसांनी मिळून जबरदस्तीनं दुसऱ्याची वस्तू नेली की कायद्यानं तो दरोडा होतो, आणि त्याला शिक्षाही तशीच दांडगी असते, हे सरकारी वकिलांनी ज्यूरीला समजावून सांगितलं. धर्माजी घाबरून पोरांकडं बघत राहिले. कुणाचं सोनं लुटलं असेल? कुणाची तिजोरी फोडली असेल?

"मुद्देमाल आणा," वकील म्हणाले.

दाराबाहेर धडपड ऐकू आली. दाराची एक फळी उघडून भागेना, दुसरीही उघडावी लागली. मग चार शिपाई घामाघूम होत आत आले आणि त्यांनी जज्जसाहेबांच्या समोर एक नगारा आणून ठेवला. केवढा नगारा! तांब्याचं भांडं एखाद्या रांजणाएवढं, वर ताणलेलं कातडं, कडेनं शेंदराचे जुने ओघळ. ठेवताना एका शिपायाचा दंडुका त्याच्यावर आपटला.

धूम्म्!

आवाज छतापर्यंत गेला आणि भिंतींवरून फिरून आला. वळचणीतली पारवी फडफडत उडाली. आरोपीच्या पिंजऱ्यात सातही पोरांचे चेहरे एकदम उजळले. मागं बसलेल्या माणसांतून कुणीतरी नकळत ओरडलं, "भैरोबाच्या नावानं..." आणि कोर्टाचा पट्टेवाला "सायलेन्स!" म्हणून त्याच्यावर खेकसला. जज्जसाहेबांनी लिहिताना मान वर केली नाही, पण त्यांच्या मिशीची टोकं हलली असं धर्माजींना वाटलं.

हकिगत अशी होती. भीमेच्या काठाला निंबळी नावाचं गाव. फार पूर्वी नदीला मोठा पूर आला तेव्हा निम्मी माणसं वर टेकाडावर राहायला गेली, निम्मी खालीच राहिली. तेव्हापासून वरची निंबळी आणि खालची निंबळी अशी दोन गावं झाली. देऊळ खाली राहिलं, नगाराही देवळात राहिला. पण तो नगारा आमच्या आज्यापणज्यांनी घडवून आणला, असं वरचे म्हणायचे, आणि तो देवळाचा म्हणून आमचा, असं खालचे म्हणायचे. यंदा दसऱ्याला वरच्या गावानं सोन्याच्या मिरवणुकीपुरता नगारा मागितला. खालच्यांनी दिला नाही. तेव्हा भैरू आणि त्याचे सोबती भरदुपारी खाली उतरले आणि नगारा उचलून घेऊन गेले. त्या गडबडीत देवळाचा गुरव ओट्यावरून पडला आणि त्याचा पाय मुरगळला. खालच्या पाटलांनी फिर्याद दिली.

धर्माजी हे ऐकताना बाकावर चुळबुळत होते. एवढी झकास गोष्ट, आणि कुणाला सांगायची नाही!

संध्याकाळी ते एस.टी.नं उतरून गावात आले तेव्हा पारावर बसायला जागा नव्हती. पोरांना खांद्यावर घेऊन बाया उभ्या होत्या.

"काय झालं, धर्माजी? खून हाय का?"

"सांगता येत न्हाई."

"सांगता येत न्हाई म्हंजे?"

"शपथ हाय."

माणसं हसली. चेष्टाच आहे असं त्यांना वाटलं. थोडा वेळ वाट बघून कोंडीरामनं त्यांना पाराच्या मागं नेलं. "आता कुनी न्हाई. माझ्या कानात सांग."

धर्माजींनी तोंड उघडलं. कोंडीरामच्या कानापर्यंत नेलं. मग मिटलं. "न्हाई रं बाबा," ते कळवळून म्हणाले आणि घराकडं चालू लागले. मागून कोंडीराम म्हणत होता, "कोर्टानं ह्याची जीभ ठिवून घेतली का काय!"

घरी जेवायला बसले तरी तेच. एरवी ते तीन भाकरी बोलता बोलता खायचे. आज नुसतीच खाल्ली. तानाबाईनं कपाळाला हात लावून बघितला.

"अंग न्हाई तापलं. मग गप का?"

"बोलायची बंदी हाय." मग जरा थांबून ते म्हणाले, "तूच बोल काय तरी."

"मी काय बोलू?"

"काय बी."

तानाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. एवढ्या वर्षांत हे तिला कुणी म्हटलंच नव्हतं. मग ती चुलीकडं बघत बोलायला लागली. तिच्या माहेरी, तळवड्याला, त्यांची पांढरी बैलजोडी होती. तानाबाईचं लग्न व्हायच्या आदल्या साली पावसाळ्यात तिची वहिनी अडली. घरात पुरुष माणूस नव्हतं. सुईण म्हणाली, माझ्या हातचं काम राहिलं नाही, देहूरोडला लष्कराच्या डाक्टरकडं न्या. मग तानाबाईनं स्वतः गाडी जुंपली. वाटेतला ओढा दुथडी भरला होता. बैल पाण्यात पाय टाकेनात.

"मग?" धर्माजींचा घास हातातच राहिला होता.

"मग मी उतरले. जुवाला हात घातला न् त्यास्नी घेऊन पान्यात शिरले. कमरेइतकं पानी. त्यांच्या कानाशी ओव्या म्हनत व्हते, मोठमोठ्यानं. पल्याड गेलो. तिथल्या मद्राशी डाक्टरनं वहिनीला सोडवलं. आमचा तुका म्हंजे त्योच."

तुका म्हणजे तानाबाईचा भाचा. दर दिवाळीला यायचा. धर्माजींनी त्याला शंभरदा बघितला होता.

"ह्ये तू मला कधी सांगितलं न्हाईस."

"तुमी ऐकायला थांबला कधी?" तानाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिनं गरम भाकरी त्यांच्या ताटात टाकली आणि बैलांची नावं सांगायला लागली. पुढच्या ओसरीवर झोपलेल्या कुशाबाई जाग्या होऊन ऐकत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "पान्यात शिरलीस? अगं, वाहून गेली असतीस!" आणि तिघंही हसली.

दुसऱ्या दिवशी गुरवाची साक्ष झाली. ज्योतीराम गुरव साठीच्या पुढचा, काटकुळा, पायाला अजून फडकं बांधलेलं. सरकारी वकिलांनी विचारलं, "तुम्हाला आरोपींनी ढकललं?"

"धक्काबुक्की झाली."

"ढकललं का?"

"म्या नगाऱ्याला मिठी मारली व्हती. त्यांनी नगारा उचलला. मग मी बी उचलला गेलो."

कोर्टात खसखस पिकली. "पुढं?" वकिलांनी कपाळ पुसलं.

"पुढं भैरू म्हनला, बाबा, सोडा, पडाल. म्या सोडला न् पडलो."

साक्ष संपत आली तेव्हा जज्जसाहेब ज्यूरीकडं वळले. "ज्यूरीतल्या सद्गृहस्थांना काही विचारायचं असेल तर माझ्यामार्फत विचारता येईल."

बाकीच्यांनी नकारार्थी माना हलवल्या. धर्माजींच्या मनात कालपासून एक शंका घोळत होती. न्यायनिवाड्याची नव्हे, नुसती उत्सुकता. खालची निंबळी ते वरची निंबळी एवढा चढ, एवढं ओझं, ही पोरं गेली तरी कशी? ते उठले, आणि कोटाची बाही ताणून म्हणाले, "साहेब, एवढंच इचारायचंय की ह्येंनी नगारा नेला त्यो गुपचूप नेला का वाजवत नेला?"

सगळं कोर्ट हसलं. धर्माजींचा चेहरा लाल झाला. मारुतराव त्यांचा कोट ओढून "बसा, बसा" म्हणाले. पण जज्जसाहेबांनी प्रश्न गुरवाला विचारला.

"वाजवत," गुरव म्हणाला. "वेशीपातुर वाजवत. तिथनं वर चढेस्तवर वाजवत. पार नदीपल्याडची मानसं बघायला आली." आणि मग त्याला राहवेना. "लई ब्येस वाजवत व्हती, साहेब. म्या ओट्याखाली पडल्या पडल्या ऐकत व्हतो."

त्यानंतर आली रतनबाई. ती खालच्या निंबळीतली सून आणि वरच्या निंबळीतली लेक. तिचं घर वेशीला लागून, म्हणून पोलिसांनी तिला साक्षीदार केलं होतं. हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली आणि आधी तिनं नगाऱ्याला हात जोडले, मग जज्जसाहेबांना.

"आरोपी तुमच्या दारावरून गेले?"

"व्हय."

"तुम्ही काय केलंत?"

"पानी दिलं."

"पाणी? दरोडेखोरांना पाणी दिलंत?"

"ऊन व्हतं की," रतनबाई म्हणाली. "न् दरोडेखोर कुठले? त्यो भैरू माझा चुलतभाऊ. त्यो बारका, त्याला मी कडेवर खेळवलाय. नगारा दारात आला म्हनून मी नगाऱ्याला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. पोरास्नी गूळ दिला. सासूबाई बी आल्या व्हत्या, त्येनी ओवाळलं."

"तुमच्या सासूबाई? त्या तर खालच्या गावच्या."

"देव काय वरचा-खालचा अस्तो व्हय?"

सरकारी वकील खाली बसले. दुपारच्या सुट्टीत धर्माजी व्हरांड्यात आले तेव्हा सात पोरांच्या आया एका रांगेत बसल्या होत्या. रोज पहाटे निघून यायच्या आणि मुलांना लांबून बघायच्या. त्यातल्या एका म्हातारीनं फडक्यातली भाकरी मोडून त्यांच्यापुढं धरली. ती भैरूची आई, सावित्रीबाई.

"घ्या, भाऊ. सकाळपासनं बसलाय."

धर्माजी दोन पावलं मागं सरले. "मावशी, मला घेता येत न्हाई."

"भाकर बी न्हाई?"

"न्हाई, मावशी."

म्हातारीनं हात मागं घेतला. तिला वाईट वाटलं असावं. धर्माजी लांबच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीकडं तोंड करून बसले. तानाबाईनं दिलेली भाकरी त्यांनी सोडली आणि तशीच मांडीवर ठेवली. पोरांनी नगारा नेला हे खरं होतं. गुरव पडला हेही खरं होतं. आपण नुसतं 'व्हय' म्हटलं तर ही पोरं कितीतरी वर्षं आत जातील, आणि ही म्हातारी... त्यांनी भाकरी परत बांधून ठेवली. पारावर बसून दुनियेचे निवाडे ते रोज करायचे. तिथं मागाहून शब्द फिरवता यायचा, आणि कुणाचं काही जायचं नाही.

त्या संध्याकाळी पारावर कुणी त्यांना काही विचारलं नाही. त्यांचा चेहरा बघून कोंडीरामनं नुसती तंबाखूची चंची पुढं केली. घरी तानाबाईनं आपण होऊन माहेरच्या चिंचेच्या झाडाची गोष्ट काढली.

तिसऱ्या दिवशी वकिलांची भाषणं झाली आणि मग जज्जसाहेब ज्यूरीला समजावून सांगू लागले. ते सावकाश, सोप्या मराठीत बोलत होते. "वस्तू उचलून नेली एवढ्यानं चोरी होत नाही. नेणाऱ्याच्या मनात लबाडी होती का, हे तुम्ही ठरवायचं. ती वस्तू आपलीच आहे असं तो मनापासून समजत असेल, तर त्याचं समजणं चूक असलं तरी तो चोर ठरत नाही. आणि चोरीच नसेल तर दरोडाही नाही. या पोरांच्या मनात काय होतं, ते पुराव्यावरून तुम्ही मला सांगा."

पाचही जण शेजारच्या खोलीत गेले. मारुतराव बसायच्या आधीच बोलू लागले, "ह्यात काय विचार करायचा? दुसऱ्याच्या गावातून वस्तू उचलली. सातजण होते. म्हातारा पडला. दरोडा म्हणजे दरोडा. उद्या माझ्या वखारीतली लाकडं कुणी वाजतगाजत नेली तर काय मी नारळ फोडू?"

शाळामास्तर हसले, पण पोस्टमास्तर मान हलवू लागले. "मारुतरावांचं अगदीच चूक नाही. असंच सोडलं तर उद्या कुणीही उठेल."

सोपानरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "येळवंडे, तुमचं काय मत?"

चौघंही धर्माजींकडं वळले. धर्माजींना वाटलं, आता सगळं भडभडा बाहेर येईल. तीन दिवस साठलेलं. पण बोलायला लागले तेव्हा त्यांच्या तोंडून थोडेच शब्द निघाले.

"चूक हाय पोरांची. मागून न्हाई दिला म्हनून उचलून न्यायचा न्हाई. गुरव म्हातारा हाय, त्याला लागलं. त्याबद्दल त्यांचे कान पिळावेत. पन मारुतराव, तुमच्या वखारीतली लाकडं चोर नेईल तर तुमच्या सुनेच्या दारात थांबून पानी मागंल का? ही थांबली. कारन आपन चोरी करतोय असं त्यांच्या मनात एकदा बी आलं न्हाई."

पोस्टमास्तरांनी थोडा वेळ डोळे मिटले. "हे मात्र खरं," ते म्हणाले.

"मला पटत नाही," मारुतराव म्हणाले.

पुष्कळ बोलणं झालं. चहा मागवला गेला. मारुतराव शेवटपर्यंत हलले नाहीत. शेवटी सोपानराव म्हणाले, "ठीक आहे. ज्याचं त्याचं मत. चौघांचं एक, तुमचं एक. तसंच सांगू."

कोर्टात परतल्यावर सोपानराव उभे राहिले. त्यांचा आवाज छापलेल्या अक्षरांसारखा स्वच्छ होता. "चारास एक अशा बहुमतानं आरोपी निर्दोष आहेत असं आमचं मत आहे."

जज्जसाहेब म्हणाले, "ज्यूरीचं मत मला मान्य आहे. आरोपींना सोडण्यात येत आहे." मग चष्म्यावरून पोरांकडं बघत म्हणाले, "जाताना गुरवाच्या पाया पडा."

पिंजऱ्याचं दार उघडलं. भैरू सरळ चालत गेला आणि ज्योतीराम गुरवाच्या पायावर त्यानं डोकं ठेवलं. गुरव "अरं पाय दुखतोय, हळू!" म्हणून ओरडला आणि त्यालाच मिठी मारून रडायला लागला. व्हरांड्यातून आयांचा असा काही आवाज उठला की पट्टेवाल्यानं या वेळी "सायलेन्स" म्हणायचा प्रयत्नच केला नाही.

नगारा कुणाचा, हे मात्र राहिलंच होतं. जज्जसाहेब म्हणाले, तो वाद दिवाणी कोर्टाचा. दोन्ही गावं आत्ता तडजोड करत असतील तर करा, नाहीतर नगारा सरकारी कोठीत राहील. दोन्ही गावं अंगणातल्या झाडाखाली जमली. पाटील एका बाजूला, भैरूचे लोक एका बाजूला, आणि आवाज पुन्हा चढू लागले. मग रतनबाई मधोमध येऊन उभी राहिली.

"नगारा देवळातच राहू द्या," ती म्हणाली. "न् वाजवायचा मान वरच्यांचा. संपलं."

"म्हंजे रोज आरतीला ह्यांनी खाली उतरायचं?" पाटील म्हणाले.

"उतरतील की. पाय न्हाईत व्हय त्यास्नी?"

पाटलांनी भैरूकडं बघितलं. भैरूनं पाटलांकडं बघितलं. "रोज येऊ," तो म्हणाला. "पन आरतीनंतर आमाला चहा पाजायचा."

"पाजीन की," पाटील म्हणाले, आणि स्वतःच हसले.

नगारा ट्रकवर चढवायला दोन्ही गावांचे हात लागले. आता शपथ सुटलेले धर्माजी एस.टी.च्या थांब्याकडं निघाले होते, तेवढ्यात सावित्रीबाईंनी ट्रकमधून हाक मारली. "भाऊ, कुठं निघालात? आमी चाकणवरनंच जानार. चढा." कोर्टाच्या फाटकातून ट्रक बाहेर पडेपर्यंत सगळे शहाण्यासारखे बसले. रस्त्याला लागताच भैरूनं टिपऱ्या हातात घेतल्या. भोसरी गेली, मोशी गेली, इंद्रायणीचा पूल आला. रस्त्याकडेच्या शेतातली माणसं कामं टाकून उभी राहत होती. सावित्रीबाईंनी फडक्यातली भाकरी काढली आणि धर्माजींच्या पुढं धरली. त्यांनी अख्खी खाल्ली, वर चटणी मागितली.

आवाज निघोज्याच्या फाट्यावर आधीच पोचला होता. ट्रक थांबला तेव्हा अर्धं गाव धावत आलं होतं. सगळ्यांत पुढं कुशाबाई. ट्रकमध्ये भलत्याच पोरांच्या घोळक्यात बसलेला, घामानं भिजलेला, हिरव्या कोटातला आपला लेक बघून त्यांनी दोन्ही हात वर केले. "सोडलं गं बाई! सोडलं माझ्या लेकाला!"

भैरू ट्रकमधून ओरडला, "आजी, त्यांनी आमाला सोडलं!"

चैत्रात निंबळीची यात्रा भरली. दोन्ही गावांची आमंत्रणं वेगवेगळी आली होती, म्हणून धर्माजी तानाबाईला घेऊन आदल्या दिवशीच गेले. सोपानराव सपत्नीक आले होते आणि धुळीत सांभाळून चालत होते. पोस्टमास्तरांना उन्हाचा त्रास व्हायचा, तरी तेही आले. पालखी निघाली, गुलालानं आभाळ लाल झालं, आणि भैरूनं नगाऱ्यावर पहिली टिपरी टाकली तसा धर्माजींच्या छातीत तो आवाज उतरला. शेजारी उभ्या तानाबाईनं डोळे मिटून घेतले होते.

दुपारी पंगत बसली. गुळवणीची वाटी उचलताना धर्माजींचं लक्ष समोरच्या ओळीत गेलं. पुरणपोळीवर तुपाची धार घेत, घाम पुसत, मारुतराव बसले होते. कपाळाला गुलाल, टोपी मागं सरकलेली.

"मारुतराव! तुमी?"

"बोलावलं तर यायला नको?" मारुतरावांनी घास गिळला. मग बोट रोखून म्हणाले, "पण येळवंडे, माझं मत अजून तेच आहे, सांगून ठेवतो. दरोडा म्हणजे दरोडा."

वाढायला आलेल्या भैरूनं ते ऐकलं. त्यानं मारुतरावांच्या पानात आणखी एक पोळी वाढली.